बाण काढणारे सार

आमच्या सारांच्या, म्हणजे सरांच्या, वर्गात ‘कोणामुळे’ या शब्दाला बंदी होती. चुकून तोंडातून गेलाच तर उठायचं, खिडकीपाशी जायचं, बाहेरचं नारळाचं झाड बघत उभं राहायचं आणि प्रश्न बदलून परत यायचं. “तळं कोणामुळे आटलं?” असं विचारून गेलेलं मूल “तळं कसं कसं आटत गेलं?” हे घेऊन परत आलं की सार त्याच्या हातावर एक कागदी बाण ठेवत. नुसता बाण. शाबासकी वगैरे काही नाही.

त्या वर्षातले निम्मे शनिवार मी खिडकीपाशी काढले. त्याला कारण आमचं घर. अप्पा बँकेत कारकून आणि संघटनेची पत्रकं लिहिणारे. आमच्याकडे कपाटाच्या खणात अंथरायला पत्रक, मुरुक्कूच्या, म्हणजे चकलीच्या, डब्यात तळाला पत्रक, लंगडणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी केलेलं पत्रक. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरून. आणि कुठल्याही पत्रकाची पहिली ओळ एकच असते: याला जबाबदार कोण? सोळाव्या वर्षी जगातल्या प्रत्येक दुःखाचा दोषी मला ठाऊक होता. अशा मुलीला सारांनी ‘कोण’ विचारायचं नाही असं सांगितलं. माझ्या दृष्टीनं हे तोंड बांधणंच होतं.

सार शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. उंच, किडकिडीत, लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरी वेष्टी, खिशाला शाईचा डाग. तंजावरातलं मोठं संग्रहालय सगळ्यांना माहीत आहे. सारांचा वर्ग भरे ते हे नव्हे. त्यांचं धाकटं, एका जुन्या धर्मशाळेच्या चार खोल्यांत मावणारं. तिथे दर शनिवारी सकाळी ते आम्हा अठरा मुलामुलींना घेऊन जात आणि मूर्तींसमोर, चित्रांसमोर जमिनीवर बसवून ‘सिस्टम’ शिकवत. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. त्यामुळे आमच्या पालकांना हा वर्ग नेमका कशाचा आहे हे कधीच नीट कळलं नव्हतं. यातूनच पुढे सगळा घोटाळा झाला.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला देवीच्या पंचधातूच्या मूर्तीसमोर बसवलं. मला वाटलं, आता राजांची नावं आणि शतकं येणार. सार म्हणाले, “हिच्या कोपराचें हाड कोठें आहे?”

आम्ही बघितलं. हाड नव्हतं. हात वेलीसारखा खाली आला होता.

“शिरा कोठें आहेत? गुडघ्याची वाटी? शिल्पी विसरला काय?”

आम्ही वाकून गुडघा शोधला. सार म्हणाले, “विसरला नव्हे. गाळलें. त्याला जें दाखवायचें होतें त्याला हाड लागत नव्हतें. ह्यालाच मॉडेल म्हणतांत. काय ठेविलें तें अवघ्यांना दिसतें. काय गाळिलें तें बघायला शिका.”

मागून एक मुलगा म्हणाला, “सार, मी पण परीक्षेत नको ते गाळलं होतं.”

“किती मिळाले?”

“बारा.”

“मग तूं हाड ठेविलेंस आणि देवी गाळिलीस,” सार म्हणाले आणि पुढच्या खोलीकडे निघाले.

ते आमच्याशी बोलत ती तमिळ. पण वर्गात मराठी घरातलं मूल दिसलं की मध्येच मराठीत शिरत, आमच्या तंजावरी मराठीत. मी नंतर पुण्यात नोकरीला गेले तेव्हा तिथले लोक ती ऐकून म्हणाले, तुम्ही पोथी वाचताय का? आम्ही भांडतोसुद्धा असंच.

बाण ते स्वतः कापून आणत. रोज एक पान फाडायचं भिंतीवरचं कॅलेंडर असतं, त्याची गेलेली पानं ते वर्षभर जपून ठेवत आणि शुक्रवारी संध्याकाळी कात्री घेऊन बसत. त्यामुळे प्रत्येक बाणावर राहुकाळाचा तुकडा किंवा अर्धी एकादशी असे. भिंतीवर काही चिकटवायला मनाई, म्हणून काय कुठून कुठे जातं ते दाखवायला आम्ही ते चित्रासमोर जमिनीवर मांडायचो. गावात त्यांना ‘अम्बु सार’ म्हणत. तमिळमध्ये अम्बु म्हणजे बाण.

दुसऱ्या खोलीत गुबगुबीत बाळकृष्णाचं सोनेरी वर्ख लावलेलं चित्र होतं. मांडीवर लोण्याचा हंडा, भोवती गवळणी. सारांचा प्रश्न ठरलेला: “काय भरतें, काय गळतें, काय माघारी येतें?” हंड्यात लोणी भरतं, कृष्णाच्या तोंडात गळतं. लोणी कुठून? दुधातून. दूध? गाईतून. गाय गवतावर, गवत कालव्याच्या पाण्यावर, पाणी कावेरीचं, कावेरी मेट्टूरच्या धरणाची. बाण खोलीच्या दारापर्यंत गेले. एक मुलगा शेवटचा बाण उंबऱ्याबाहेर ठेवून आला आणि म्हणाला, “सार, हा कर्नाटकात गेला.”

“म्हणजे कृष्णाला लोणी हवें तर?”

“कर्नाटकाशी बोलावं लागेल, सार.”

सारांना अत्यानंद झाला. तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नसे, ते फक्त वेष्टी एकदा सोडून पुन्हा बांधत. मग म्हणाले, “आतां बघा. खातो, गोंडस होतो, गवळणी आणखी देतांत, आणखी खातो. हें असेंच भरत राहतें. थांबवतें काय?”

शेवटी एक मुलगी म्हणाली, “पोटदुखी.”

“पोटदुखी!” सार म्हणाले. “जें थांबवतें त्याला नमस्कार करा.” आणि सतरा जणांनी बाळकृष्णाच्या पोटाला नमस्कार केला. दारातल्या पहारेकऱ्याला वाटलं, आज वर्गाला जरा भक्ती आली आहे.

मी मात्र हात जोडले नव्हते. मी उभी राहून म्हणाले, “सार, हे सगळं ठीक आहे, पण गवळणींचं शोषण कोणामुळे होतंय?”

सारांनी बोट खिडकीकडे केलं.

“मी प्रश्न मागे घेणार नाही.”

“नको घेऊंस गे. शोषण राहूं दे. पण माघारी येतांना तें किती भरतें आणि कोठून गळतें तें घेऊन ये. सुम्मा, उगीच शिवी आणूं नकोस.”

मी खिडकीपाशी गेले आणि तास संपेपर्यंत परत आले नाही. निषेध म्हणून.

वर्गाबाहेरही त्यांचं हेच चाले. कापी, म्हणजे कॉफी, प्यायला बसले की पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी ओतत राहत आणि किती वेळात किती निवते हे समोरच्याला सांगत. सांगून होईपर्यंत ती पूर्ण निवलेली असे. मग दुसरी मागवत, आधीचा हिशेब पडताळायला. बसच्या थांब्यावर पहिली बस ते कधीच घेत नसत. “ही उशिरा आली, म्हणून माणसें जास्त साचलीं. माणसें जास्त, म्हणून चढायला वेळ, म्हणून आणखी उशीर. हिच्या मागें एक रिकामी असते. असायलाच पाहिजे.” आणि खरंच असायची. पापनाशमला सख्ख्या भाच्याच्या लग्नाला जाताना त्यांनी अशीच गच्च भरलेली बस सोडली, मागची रिकामी घेतली. रिकामी बस वाटेत बंद पडली. ते पोचले तेव्हा मांडवाचे बांबू सोडत होते. “बसचें मॉडेल बरोबर होतें,” ते म्हणत. “इंजिन गाळिलें होतें.”

घरी मामींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तांदळाच्या डब्यात आतून एक बाण चिकटवला होता. तांदूळ बाणाच्या खाली गेले की सारांनी दुकानात जायचं. सार आल्यागेल्याला डबा उघडून दाखवत. “बघा, हें खरें सिस्टम. कोणीं सांगायला नको.” आतून मामींचा आवाज येई, “सिस्टम तीन दिवस झाले खालीं आहे. जा आतां.”

असं सगळं छान चाललेलं असताना एका शनिवारी बाहेरगावचे एक भारदस्त गृहस्थ देवीचा फोटो घ्यायला मागे मागे सरकत आले. त्यांचा पाय आमच्या एका बाणावर पडला आणि फरशी गुळगुळीत असल्यामुळे ते देवीसमोर एकदम बसलेच. लागलं काही नाही. पण उठले ते तक्रारवही मागतच. सोमवारी संग्रहालयाच्या अधिकारी बाईंनी सारांना बोलावून सांगितलं, वर्ग तूर्त थांबवा. बाई वाईट नव्हत्या हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला कोणी लिहायला लावलं असतं तर मी पेन मोडलं असतं.

मी सारांकडे धावत गेले. ते पडवीत बसून कागदावर काढत होते: बाण, घसरणं, तक्रार, बंदी.

“उत्तम चाललें आहे,” ते म्हणाले. “धोका वाढला, थांबवणारें जागें झालें. हें चांगलें सिस्टम आहे गे.”

“सार, तुमचा वर्ग बंद पाडलाय! तुम्ही काहीच करणार नाही?”

“करतों आहे की. काढतों आहे.”

पण त्याच पडवीत एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पुढच्या शनिवारचे बाण कापून ठेवलेले होते आणि ते त्या खोक्याकडे बघायचं टाळत होते. निवृत्तीनंतर या माणसाजवळ शनिवारशिवाय काही नव्हतं. मला ते दिसलं आणि माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. तमिळमध्ये, कारण गाव तमिळ वाचतं. अप्पांनी छपाईआधी तपासलं, दोन उद्गारचिन्हं वाढवली आणि म्हणाले, “शाबास. शत्रू स्पष्ट आहे.”

इथे एका अक्षराबद्दल सांगायला हवं. बाण म्हणजे अम्बु. प्रेम म्हणजे अन्बु. बोलताना दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात, लिहिताना मधलं एक अक्षर वेगळं. तमिळ घरातल्या मुलाला यात चूक करायची म्हटली तरी जमणार नाही. पण आमच्या घरी बोलणं मराठी, माझी शाळा इंग्रजी, आणि तमिळ मी रस्त्यावर कानानं उचललेली. मी कानानंच लिहिलं. अप्पांनी वर्षानुवर्षं तमिळ पत्रकं लिहिली, पण त्यांच्या मागण्यांत बाणाचा प्रसंग कधी आला नव्हता, आणि प्रेमाचा तर नाहीच. त्यांचाही कान मराठीच. शिवाय तमिळ पत्राचा मायना प्रेमानं सुरू होतो, त्यामुळे हाताला आणि डोळ्याला तेच अक्षर सवयीचं.

तर भाजीबाजारात, बस स्टँडवर आणि शाळेच्या दारात मी स्वतःच्या हातानं जे पत्रक वाटलं त्यात असं छापलेलं होतं:

‘संग्रहालयातील प्रेमाचा वर्ग बंद पाडला! याला जबाबदार कोण? दर शनिवारी अठरा मुलंमुली मूर्तींसमोर जमिनीवर बसून प्रेम करत होती, हा कोणता गुन्हा? आमचे सार स्वतः घरी बसून प्रेमं कापून आणतात! कोणाचं प्रेम कोणाकडे जातं, ते परत येतं की नाही, हे मुलं आपसांत चर्चा करून ठरवतात! एका गृहस्थांचा प्रेमावर पाय घसरला म्हणून अठरा जणांचं प्रेम हिरावून घेणार काय? पालकहो, आपल्या मुलांच्या प्रेमासाठी रस्त्यावर या!’

पालक आले. रस्त्यावर नाही, आमच्या घरी. दुपारपर्यंत पत्रकाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरला होता. एक आई हेल्मेटसुद्धा न काढता आत आली आणि म्हणाली, “माझी मुलगी नववीत आहे. तिला मूर्तीसमोर कोणाबरोबर बसवलं ते मला आत्ता सांग.” दुसऱ्या एका बापाचं म्हणणं होतं की हे सगळं त्याला आधीच माहीत होतं, कारण मुलगा शनिवारी फार आनंदात घरी यायचा.

अधिकारी बाईंनी सारांना पुन्हा बोलावलं, या वेळी मलाही. पत्रक टेबलावर होतं. बाई म्हणाल्या, “सार, मला आता वरून विचारणा होईल. अठराच्या अठरा पालकांची लेखी संमती आणा. येत्या शनिवारी दहा वाजता सगळ्यांसमोर एक वर्ग घ्या, मी स्वतः बसते. एक कागद जरी कमी पडला तरी वर्ग कायमचा बंद. माझा नाइलाज आहे.”

सारांनी पत्रक उचललं, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचलं. मग वेष्टी सोडून पुन्हा बांधली. त्या खोलीत त्याचा अर्थ फक्त मला कळला, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, “रागानें पत्रक झालें, पत्रकानें राग झाला. हें भरतच जाणार. आतां थांबवणारें काय?”

“मी थांबवते, सार.”

“तूं कशानें थांबवणार?”

“दारोदार जाऊन सांगते, माझं अक्षर चुकलं.”

“हो की,” ते म्हणाले. “जा. मी नाहीं येत. मी आलों तर तुला लाज कमी वाटेल, आणि सह्या कमी येतील.”

पत्रकं वाटणाऱ्याला दारोदार जायची सवय असते, पण ते दुसऱ्याची चूक सांगायला. चार दिवस मी सायकलवरून घरोघर जाऊन माझ्या शुद्धलेखनाची कबुली दिली. हेल्मेटवाल्या आईनं मला पाटी-पेन्सिल आणून दोन्ही शब्द दहा दहा वेळा लिहायला लावले आणि मगच सही केली. ओरत्तनाडुच्या वाटेवर राहणाऱ्या एका मुलाच्या आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “प्रेम असतं तर केली असती गं सही. बाण म्हणजे कोणाच्या डोळ्यात गेला तर?” तिला कागदाचा बाण दाखवावा लागला. तिनं तो स्वतःच्या डोळ्याजवळ नेऊन टोक तपासलं.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे सतरा कागद होते. अठरावा आमच्याच घरचा.

अप्पा म्हणाले, “मी सही करणार नाही.”

मला आधी चेष्टाच वाटली.

“तुझे सार पोरांना शिकवतांत की दोषी कोणी नसतो. सगळे बाणच बाण. मालकाकडून बाण, मजुराकडून बाण. अशानें उद्या संप कोणाविरुद्ध करणार? बाणाविरुद्ध? ज्या वर्गात शत्रू नाहीं त्या वर्गाला माझी संमती नाहीं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“अप्पा, पत्रक तुम्ही तपासलं होतं. ते अक्षर तुम्हालाही दिसलं नाही.”

“तो मुद्दा वेगळा आहे,” अप्पा म्हणाले आणि वर्तमानपत्र वर केलं. ते उलटं होतं असं मी लिहिलं तर खोटं होईल. सुलटंच होतं. पण बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

मी सारांना जाऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “उद्यां येतील कां बघायला?”

“येतो म्हणाले. सही करायला नाही, विरोध नोंदवायला.”

“पुरे की.”

शनिवारी दहा वाजता अधिकारी बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर सतरा कागद. भिंतीला लागून पालक. अप्पा दारात, हाताची घडी. सारांनी देवीपासून सुरू करायचं ठरवलं होतं, पण अप्पा तिथूनच म्हणाले, “राव, देवी नको. लोणी नको. ह्या चित्रावर घ्या.”

त्यांनी दाखवलं ते चित्र चौथ्या खोलीच्या दाराशेजारी होतं. मराठी राजाची मिरवणूक. मध्ये पालखी, आठ भोई, वर छत्री, मागे हत्ती, कडेला भाताची शेतं. त्या चित्रासमोर वर्ग कधीच झाला नव्हता. सार दर शनिवारी त्याच्यासमोरून जाताना पुढच्या खोलीबद्दल काहीतरी बोलू लागत. ते असं का करतात, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

सार चित्राकडे वळले. मग म्हणाले, “सेरी, बरें. बसा.”

अप्पा पुढे झाले आणि सभेतल्या आवाजात म्हणाले, “मुलांनो, मला सांगा, हा राजा कोणाच्या खांद्यावर बसलाय?”

अठरा बोटं एकाच वेळी खिडकीकडे गेली. त्यातलं एक माझं.

“काय?” अप्पा म्हणाले.

“अंकल, ‘कोण’ चालत नाही,” पोटदुखीवाली मुलगी म्हणाली. “तिकडे जाऊन बदलून आणायचं.”

सगळे पालक बघत होते. अप्पांनी आयुष्यात व्यवस्थापनाचा एकही हुकूम वादाशिवाय मानला नव्हता. ते खिडकीपाशी गेले, नारळाकडे पाठ करून उभे राहिले, मग वळून नारळाकडे बघितलं. बऱ्याच वेळानं परत आले.

“पालखीचं वजन,” ते सावकाश म्हणाले, “कुठून कुठे जातं?”

सारांनी त्यांच्या हातावर बाण ठेवला.

मग खोली कामाला लागली. वजन खांद्यांवरून जमिनीत. भात शेतातून राजाकडे. भोयांचा घाम, छत्री धरणाऱ्याचा हात, हत्तीचं चालणं, सगळे बाण पालखीकडे. हेल्मेटवाली आईसुद्धा खाली बसून शेतातला एक बाण सरळ करत होती. अप्पा म्हणाले, “आता माघारी येणारा दाखवा. राजाकडून खाली.”

“पगार,” एक मुलगा म्हणाला.

“चित्रात दाखव,” बाकीच्यांनी त्याला गप्प केलं, कारण चित्रात दिसेल तेवढंच मांडायचं हा आमचा नियम होता.

“छत्रीची सावली?” पण सावली फक्त राजावर पडली होती. भोयांच्या तोंडावर ऊन रंगवलं होतं. आम्ही नाकं चित्राला लावून शोधत राहिलो. शेवटी कर्नाटकवाला मुलगा ओरडला, “सापडला! हत्तीचं शेण! शेतात पडतंय!”

खोली हसली. अप्पा हसले. बाई तोंडावर कागद धरून हसल्या. अख्ख्या राज्यात माघारी देणारा एकटा हत्ती. अप्पा विजयानं सारांकडे वळले. “बघितलं, राव? तीस वर्षं मी हेंच छापतों आहे.”

सार हसत नव्हते. ते गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले, एक बाण घेतला आणि म्हणाले, “आणखी एक आहे.”

त्यांनी तो राजाच्या तोंडापासून पालखीच्या मागे चालणाऱ्या एका पागोटेवाल्या माणसापर्यंत ठेवला. त्या माणसाच्या हातात एक चकचकीत भांडं होतं.

“त्याच्या हातांत काय आहे?”

“कलश,” कोणीतरी म्हणालं.

“पिकदाणी,” सार म्हणाले. “राजाची थुंकी त्याच्याकडे येते. हाही माघारी येणारा बाण. आमच्या घरीं सांगतांत, हा दिवाण. माझ्या पणज्याचा पणजा. मी दहा वर्षांचा असतांना वडिलांनीं दाखविलें, तेव्हांच मला भांडें दिसलें होतें.”

बाई खुर्चीतून उठल्या आणि चित्राखालची पट्टी बघितली. “सार, इथे ‘दरबारातील मान्यवर’ लिहिलंय.”

“बदला. ‘पिकदाणी धरणारा’ लिहा.”

“तुमच्या कुटुंबाची हरकत?”

“आहे. अवघ्यांची आहे. लिहा.”

अप्पांच्या हाताची घडी केव्हाच सुटली होती. पोटदुखीवाली मुलगी तोवर बाणाच्या टोकापाशी सरकली होती. तिनं विचारलं, “सार, पण पिकदाणी भरल्यावर? ती कुठे जाते?”

सारांनी चित्राच्या कडेपर्यंत बघितलं, चौकटीपर्यंत. “तें चित्राबाहेर आहे गे. जी माणसें ती धुवायचीं, तीं कोणीं रंगविलीं नाहींत. तेथें पुढच्या शनिवारीं जाऊं.” मग बाईंच्या मांडीकडे, त्या सतरा कागदांकडे बघून म्हणाले, “पुढचा शनिवार असला तर.”

अप्पांनी मला खांद्याला धरून वळवलं. मला वाटलं, घरी निघालो. त्यांनी खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला, माझ्या पाठीवर पसरला आणि संमती लिहायला सुरुवात केली. तमिळमध्ये, एकेक अक्षर थांबून, ‘अम्बु’च्या मधल्या अक्षराशी जास्तच, आणि पेन इतकं दाबून की काय लिहिलं ते मला न बघता वाचता आलं.